नॅट फाइफला पुढे धाडण्याची घाई

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या फ्रीमँटल या पर्थ परिसरातल्या क्लबचा नॅट फाइफ दुखापतीतून परत येतोय अशी बातमी आली, की पर्थमध्ये पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: आता त्याला खेळवायचं कुठे? उत्तरही बहुतेकांच्या तोंडी तयार असायचं. पुढे. म्हणजे फॉरवर्ड लाइनमध्ये, प्रतिस्पर्ध्याच्या गोलपोस्टजवळ. मधल्या पट्ट्यात पळून पळून शरीर झिजतं, तिशी ओलांडली आहे, शस्त्रक्रिया होऊन गेल्या आहेत, तेव्हा आता पुढे उभं राहावं, मार्क घ्यावेत (म्हणजे लाथाडलेला चेंडू हवेतच झेलावा), गोल मारावेत. २०२२ चा मोसम संपल्यावर हा विचार इतका रुळला होता, की त्याला कोणी विरोध करतंय असं क्वचितच ऐकू यायचं. फाइफ आता निवृत्त झाला आहे, त्यामुळे त्या वादाकडे जरा शांतपणे पाहता येतं. मला तो सल्ला तेव्हाही पटला नव्हता, आणि नंतर जे घडलं त्याने तो अधिकच कच्चा ठरला.

आपल्यापैकी अनेकांना मेलबर्नचं एमसीजी माहीत आहे ते क्रिकेटमुळे. त्याच लंबगोल मैदानावर हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन फुटबॉल चालतो. एका बाजूला अठरा खेळाडू. एमसीजीची लांबी सुमारे १६० मीटर. वीस-वीस मिनिटांचे चार भाग, पण चेंडू थांबला की घड्याळही थांबतं, त्यामुळे प्रत्येक भाग अर्ध्या तासाच्या आसपास जातो. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला तर गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या खांबांतून गेला तर बिहाइंड, त्याचा एक. ऑफसाइड हा प्रकारच नाही. त्यामुळे अमुक खेळाडूची ‘जागा’ म्हणजे मैदानावरची आखलेली चौकट नसते, ती त्याला सोपवलेल्या कामांची यादी असते. जागा बदलणं म्हणजे कामं बदलणं. फाइफच्या वादात नेमकं हेच नजरेआड झालं.

फाइफ पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या लेक ग्रेस या गहू पिकवणाऱ्या भागातल्या लहानशा गावचा. २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, त्याची विसाव्या क्रमांकावर निवड झाली, पुढच्या वर्षी पदार्पण. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं ब्राउनलो पदक त्याने २०१५ मध्ये जिंकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा. २०१४ मध्ये तो विजेत्या मॅट प्रिडिसपेक्षा एकाच मताने मागे होता, आणि निलंबनामुळे तसाही अपात्र. सहा फूट तीन इंचांच्या आसपास उंची, लांब हात, आणि माणसांच्या गराड्यातून चेंडू बाहेर काढण्याची हातोटी. पंचाने चेंडू जमिनीवर आपटून उसळवला (याला बाऊन्स म्हणत) आणि रकने, म्हणजे त्यासाठी उडी मारणाऱ्या उंच खेळाडूने, तो थापटला की तो कुठे पडणार हे त्याला इतरांच्या जरा आधी कळायचं. आणि उंचीमुळे तो डोक्यावरचे चेंडूही झेलायचा, मिडफिल्डर असूनही फॉरवर्डसारखे.

इथेच मोह सुरू होतो. उंच आहे, हात चांगले आहेत, डोक्यावरचा मार्क घेतो, मग फॉरवर्ड का नको?

आता त्याच्या शरीराचा हिशेब पाहू. २०१५ च्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये (ग्रँड फायनल या अंतिम सामन्याआधीची फेरी), पर्थच्या सुबियाको मैदानावर हॉथॉर्नविरुद्ध, तो पायाचं हाड मोडलेलं असताना खेळत राहिला. २०१६ मध्ये मोसमाच्या पाचव्याच सामन्यात डावा पाय पुन्हा मोडला आणि वर्ष संपलं. २०२१ मध्ये खांदा, त्यावर शस्त्रक्रिया, मग संसर्ग झाल्याने त्याच खांद्यावर पुन्हा काम. त्यानंतर पाठीची शस्त्रक्रिया. २०२३ मध्ये तळपाय. खांदा, पाठ, पाऊल. या तिन्हींच्या यादीसमोर फॉरवर्डच्या कामांची यादी ठेवून पाहिली असती, तर ‘पुढे पाठवा’ म्हणणाऱ्यांचं अर्धं बोलणं थांबलं असतं.

फॉरवर्डला कमी पळावं लागतं, हे खरं. मिडफिल्डर सामन्यात बारा-तेरा किलोमीटर सहज कापतो. गोलजवळचा फॉरवर्ड त्याहून बराच कमी. पण किलोमीटर म्हणजे शरीरावरचा सगळा भार नव्हे. फॉरवर्ड काही वेळ जवळजवळ उभा असतो, आणि मग एका क्षणात पूर्ण वेगाने सुटतो. त्याला ‘लीड’ म्हणतात. मांडीच्या मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, नेमका अशाच वेळी, पूर्ण वेगात पाय पुढे झेपावताना फाटतो. फॉरवर्ड उडी मारतो, बहुतेकदा कोणाच्या तरी अंगावर रेलून, आणि एका पायावर किंवा वेड्यावाकड्या कोनात खाली येतो. पावलावर आणि पाठीवर याचा काय परिणाम होतो हे सांगायला डॉक्टर लागत नाही. आणि खांदा? दोन्ही हात डोक्यावर ताणलेले असताना मागून बचावपटूची मूठ येते. चेंडूवर येते, पण हातावरही येते. ज्याच्या खांद्याची नुकतीच दुरुस्ती झाली आहे, त्याला तुम्ही मुद्दाम त्याच कामावर लावता, आणि वर म्हणता की आम्ही त्याला जपतोय.

मिडफिल्डमध्ये खांद्याला मार बसत नाही असं मी म्हणत नाही. टॅकल करताना बसतो, टॅकल होताना जास्त बसतो. पण तिथे हात शरीराजवळ असतात, वाकून चेंडू उचलायचा असतो, आणि फाइफसारखा अनुभवी खेळाडू कुठे घुसायचं आणि कुठे नाही हे ठरवू शकतो. शिवाय मिडफिल्डर बाकावर जाऊन-येऊन असतो. २०२१ पासून एका संघाला सामन्यात ७५ अदलाबदलींची मर्यादा आहे आणि त्यातल्या बहुतेक मिडफिल्डर्सच वापरतात. उंच फॉरवर्ड मैदानावर राहतो, कारण त्याच्यावर अदलाबदल खर्च करणं प्रशिक्षकाला परवडत नाही. म्हणजे ज्याला मोजून मिनिटं द्यायची आहेत, त्याला आपण अशा जागी पाठवतो जिथून बाहेर येण्याची सोय सर्वांत कमी.

आणि चेंडू जमिनीवर पडला, की आजच्या फॉरवर्डचं काम संपत नाही. तिथून बचावपटूच्या मागे धावायचं, त्याला टॅकल करायचं, निदान घाई करायला लावायचं. या दबावाशिवाय आज कोणताही प्रशिक्षक फॉरवर्डला संघात ठेवत नाही. फुल-फॉरवर्डने गोलसमोर उभं राहून मोसमात शंभर गोल करायचे, तो काळ गेला. सल्ला देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र अजून तोच खेळ असतो.

आपल्याकडच्या क्रिकेट वाचकाला हार्दिक पंड्याची आठवण होईल. २०१९ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला काही काळ निव्वळ फलंदाज म्हणून खेळवलं, आणि ते शहाणपणाचं होतं. पण क्रिकेटमध्ये गोलंदाजी हे वेगळं, मोजता येणारं काम आहे. ते बाजूला काढून ठेवता येतं. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये धोक्याचं काम तसं अलग करता येत नाही. धडक मैदानाच्या कोणत्याही टोकाला होते. जून २०२४ मध्ये मेलबर्नचा मिडफिल्डर क्रिस्टियन पेट्राका कॉलिंगवूडच्या डार्सी मूर या बचावपटूच्या गुडघ्यावर आदळला; चार बरगड्या मोडल्या, प्लीहा फाटली, फुप्फुसाला छिद्र पडलं. अशा दुखापतीनंतर खेळाडू बरा झाला की बरा झाला. त्याला कुठे उभा केला म्हणून पुढची धडक टळेल, असा हिशेब मांडताच येत नाही.

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण घेऊ, कारण ते टाळून चालणार नाही. जिलाँगचा पॅट्रिक डेंजरफील्ड. २०१७ मध्ये हॉथॉर्नविरुद्ध पहिल्याच भागात त्याच्या पावलाला लागलं. जिलाँगने त्याला गोलसमोर नेऊन ठेवलं, आणि त्याने ५ गोल आणि ६ बिहाइंड केले. जिलाँग तीन गुणांनी जिंकलं. मला वाटतं, ‘लंगडणारा मिडफिल्डर पुढे पाठवा’ या कल्पनेला गेल्या काही वर्षांत जे वजन आलं, ते बऱ्याच अंशी त्या एका दुपारीमुळे. पण तो एका सामन्यातला नाइलाज होता. प्रतिस्पर्ध्याची तयारी नव्हती, समोरच्या बचावपटूंना डेंजरफील्डला कसं रोखायचं याची आखणी करायला आठवडा मिळाला नव्हता. त्यावरून मोसमभराचं धोरण काढणं म्हणजे शेवटच्या षटकातला एक षटकार बघून फलंदाजीचा क्रम बदलणं.

२०२५ मधला डेंजरफील्ड वेगळा, आणि त्याच्यापुढे माझा युक्तिवाद थोडा नमतो. पस्तिशी गाठलेल्या, पायाच्या स्नायूंनी वारंवार त्रास दिलेल्या या खेळाडूला प्रशिक्षक क्रिस स्कॉटने मुख्यतः फॉरवर्ड केलं, आणि संघ ग्रँड फायनलपर्यंत गेला; हॉथॉर्नविरुद्धच्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये तो मैदानावरचा सर्वांत प्रभावी खेळाडू होता. हे का जमलं? एक कारण असं की ही मोसमाआधीपासूनची ठरलेली भूमिका होती, दुखापतीवरचा उपाय म्हणून घाईने शोधलेला आडोसा नव्हता. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच्या शेजारी जेरेमी कॅमेरॉन होता. मोसमात ऐंशीहून अधिक गोल करणारा माणूस शेजारी असताना समोरच्या संघाचा सर्वोत्तम बचावपटू डेंजरफील्डकडे येईलच कशाला?

हेच थोडं मागे जाऊन पाहता येतं. एसेंडनचा जेम्स हर्ड १९९७ ते १९९९ या तीन मोसमांत दुखापतींमुळे बराच काळ बाहेर होता. १९९९ मध्ये तर पावलाच्या हाडाच्या दुखण्याने दोनच सामने. २००० मध्ये परतला, कर्णधार म्हणून विजेतेपद घेतलं, ग्रँड फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदकही घेतलं. तो हाफ-फॉरवर्डला, म्हणजे गोल आणि मधला पट्टा यांच्या दरम्यान, खेळायचा, हे खरं. पण ती त्याची आधीपासूनचीच जागा होती, आणि त्याच्या पुढे गोलसमोर मॅथ्यू लॉइड होता, त्या वर्षी शंभराहून जास्त गोल करणारा. हर्ड मोकळा फिरू शकला, कारण बचावफळीचं सगळं लक्ष दुसरीकडे होतं.

फाइफच्या वाट्याला असा लॉइड किंवा कॅमेरॉन कधी आला? २०२२ च्या शेवटी फ्रीमँटलचा उंच फॉरवर्ड रोरी लॉब वेस्टर्न बुलडॉग्जकडे गेला. जाय एमिस आणि जॉश ट्रेसी हे दोघेही कोवळे होते. म्हणजे फाइफला पुढे ठेवलं की तोच मुख्य लक्ष्य ठरणार, आणि प्रत्येक आठवड्याला समोरच्या संघाचा सगळ्यात धिप्पाड, सगळ्यात निर्दय बचावपटू त्याच्या अंगावर येणार. त्यात २०१९ पासूनचा नियम असा, की मैदानाच्या मध्यातून खेळ सुरू होताना दरवेळी दोन्ही टोकांना प्रत्येक संघाचे सहा-सहाच खेळाडू हवेत. मदतीला जादा माणूस नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या खांद्यासाठी यापेक्षा वाईट नेमणूक सुचणं अवघड आहे. लॉब गेला म्हणून पुढे खड्डा पडला, फाइफ परत येतोय म्हणून तो खड्डा त्याने भरावा: हा संघाच्या सोयीचा विचार होता. त्याला फाइफच्या प्रकृतीचं नाव देणं मला खटकतं.

आणि त्याच वेळी मधल्या पट्ट्यातही खड्डा पडलाच होता. डेव्हिड मंडी निवृत्त झाला होता. अँड्रू ब्रेशॉ आणि केलेब सेराँग उत्तम मिडफिल्डर, सेराँग तर मला लीगमधल्या सर्वांत चिवट खेळाडूंपैकी एक वाटतो, पण दोघांपैकी कोणीच फाइफच्या अंगापिंडाचा नाही. गर्दीत उभं राहून धक्के पचवणारा, सेराँगला वाट मोकळी करून देणारा मोठा माणूस हवा होता. क्लबलाही ते कळत होतं, याचा पुरावा क्लबनेच दिला: २०२३ मध्ये हेडन यंगला हाफ-बॅक या बचावातल्या जागेवरून उचलून मध्यात आणलं, आणि तो तिथे रुजला. यंगच्या या बदलाचं सर्वांनी कौतुक केलं, योग्यच होतं. पण मध्यात मोठ्या शरीराची गरज आहे हे मान्य, आणि त्या कामातला देशातला सर्वोत्तम माणूस मात्र गोलसमोर, या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा बसत होत्या, हे कोडं मला सुटलेलं नाही.

प्रशिक्षक जस्टिन लाँगम्युअरला तरी हे कळायला हवं होतं, असं म्हणण्याचा मोह होतो. तो स्वतः फ्रीमँटलचा उंच फॉरवर्ड होता. २००५ मध्ये सेंट किल्डाविरुद्ध उंच झेप घेऊन पकडलेला मार्क आणि भोंगा वाजल्यानंतर मारलेला विजयी गोल, हे त्याचं अजून आठवलं जाणारं काम. १३९ सामने खेळून गुडघ्याने त्याची कारकीर्द संपवली. पुढची फळी शरीराचं काय करते हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच्या बाजूने एवढं सांगायला हवं, की २०२३ मध्ये फाइफच्या पावलाने कुठल्याच योजनेला संधी दिली नाही; मोजकेच सामने झाले, आणि आधी तळव्याच्या दुखण्याने, नंतर हाडाच्या चिरेने मोसम संपला. तेव्हा पुढे खेळवल्याने पाऊल गेलं असं मी म्हणणार नाही. ते सिद्ध करता येत नाही. पण पुढे खेळवल्याने ते वाचलंही नाही, आणि योजनेचा सगळा आधार तर तोच होता.

मग २०२४ आलं. फाइफ पुन्हा मध्यात गेला, कर्णधारपदाचा भार अॅलेक्स पिअर्सकडे दिलेला, आणि आधीच्या दोन वर्षांत जमलं नव्हतं ते जमलं: मोसमातले बहुतेक सामने तो खेळला. तो २०१९ चा फाइफ नव्हता. मोकळ्या मैदानातला वेग गेला होता, गोलकडची लाथ पहिल्यापासूनच बेभरवशाची. (पुढे पाठवा म्हणणाऱ्यांना त्याच्या गोलकिकिंगचा विसर कसा पडायचा, हेही एक नवलच.) पण गर्दीतून चेंडू काढून तो नेमक्या माणसाच्या हातात देण्याचं काम त्याला अजून येत होतं, आणि ज्याला त्रास होईल असं म्हटलं जात होतं त्या जागेवर त्याचं शरीर टिकलं. एका मोसमावरून सिद्धांत मांडू नये, मान्य. पण उलट बाजूकडे तेवढाही पुरावा नव्हता.

जागा बदलून खेळाडू पुन्हा उभा राहू शकतो का? राहू शकतो, आणि त्याचं सर्वांत सुंदर, सर्वांत दुःखद उदाहरण पॅडी मॅकार्टिन. २०१४ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड, सेंट किल्डाचा फॉरवर्ड, डोक्याला वारंवार बसलेल्या माराने कारकीर्द थांबली. २०२२ मध्ये सिडनीने त्याला बचावपटू म्हणून परत आणलं, भाऊ टॉमच्या शेजारी, आणि त्याच वर्षी तो ग्रँड फायनल खेळला. बचावात चेंडू समोरून येताना दिसतो, पाठमोरं धावत उडी घ्यावी लागण्याचे प्रसंग कमी. खेळाडू म्हणून तो तिथे आधीपेक्षा चांगला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एप्रिल २०२३ मध्ये डोक्याला पुन्हा मार बसला आणि त्याच वर्षी त्याला थांबावं लागलं. जागा बदलून त्याचा खेळ सुधारला. डोकं काही सुरक्षित झालं नाही. क्लब आणि समालोचक या दोन गोष्टी सतत एकमेकींत मिसळतात. ‘तो तिथे चांगला खेळेल’ हे प्रशिक्षकाचं मत असू शकतं. ‘तो तिथे सुरक्षित राहील’ हे सांगण्याचा अधिकार डॉक्टर आणि फिजिओचा आहे, आणि तेही कोणती हालचाल दुखते हे तपासल्यावरच बोलतील.

म्हणून परतणाऱ्या मिडफिल्डरला मी आधी मध्यातच ठेवेन, पण कमी मिनिटं देऊन. पहिल्या आठवड्यांत राखीव संघातून, फ्रीमँटलच्या बाबतीत पील थंडरकडून, अर्धा-पाऊण सामना. मग मुख्य संघात पंच चेंडू वर उडवतो किंवा सीमारेषेवरून आत फेकला जातो (थ्रो-इन) तेव्हाच मैदानावर, चेंडू लांब गेला की बाकावर. त्याचा खेळ कापायचा तर घड्याळावर कापायचा, कारण गोलसमोर नेऊन कापला तर त्याला येणारं काम जातं आणि न येणारं गळ्यात पडतं.

२०२५ मध्ये फ्रीमँटल नकळत तिथेच पोचलं. गुडघा आणि इतर दुखण्यांमुळे फाइफला थोडेच सामने मिळाले, आणि शेवटच्या टप्प्यात तो बदली खेळाडू (बाकावरच्या चौघांव्यतिरिक्त, एकदाच आत येऊ शकणारा) म्हणून यायचा, सामना दमलेला असताना, ताज्या पायांनी. सप्टेंबरमधल्या एलिमिनेशन फायनलमध्ये (हरला तो बाद) गोल्ड कोस्टने फ्रीमँटलला एका गुणाने हरवलं, आणि २४८ सामन्यांची कारकीर्द तिथे संपली. बदली खेळाडू ही काही दोनदा ब्राउनलो जिंकणाऱ्याला शोभणारी जागा नाही, असं तेव्हा बरेच जण हळहळून म्हणाले. मला मात्र ती त्याला गोलसमोर उभं करण्यापेक्षा कितीतरी जास्त मानाची वाटली, कारण तिथे त्याला त्याचंच काम दिलं होतं, फक्त थोडं.

२०२६ पासून बदली खेळाडूचा नियम गेला आणि बाकावर चारऐवजी पाच खेळाडू आले. थकलेल्या दिग्गजाला शेवटच्या भागापर्यंत राखून ठेवण्याची सोय त्यामुळे संपली. पण बाकावर एक माणूस वाढल्याने परतलेल्या मिडफिल्डरला सामन्याच्या सुरुवातीपासून चारही भागांत थोडी थोडी मिनिटं वाटून देणं आधीपेक्षा सोपं झालं आहे. ‘मध्यात ठेवला तर त्याला सारखं बाहेर काढावं लागेल, तेवढी माणसं कुठे आहेत’ हा पुढे पाठवण्याच्या बाजूचा एकच मुद्दा मला आजवर खोडता येत नव्हता. यापुढे कोणा क्लबने तो पुढे केला, तर त्याला बाकावरचा पाचवा माणूस दाखवता येईल.